हात मांडीखाली

बोक्याला बोका हे नाव कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. फोटो दुरुस्त करायचा, रंग सुधारायचा एक प्रोग्राम ठिकठिकाणची पंधरावीस माणसं मिळून फुकटात लिहितात आणि फुकटातच वाटतात. त्या गोतावळ्यात तो शिरला तेव्हा स्वतःच्या चेहऱ्याऐवजी त्याने एका जाड्या मांजराचं चित्र लावलं होतं, एवढंच निमित्त. पुढे बायकोही त्याला बोका म्हणू लागली. दिवसभर विमा कंपनीत खर्डेघाशी करायची आणि घरी आल्यावर चहाचा कप घेऊन या प्रोग्रामच्या सेवेला बसायचं, असा त्याचा नेम. कुणी अनोळखी माणूस ‘तुमच्यामुळे काम झालं’ असं कळवायचा, आणि त्या दिवशी बोका दोन घास जास्त जेवायचा. एकंदरीत गडी सुखी होता.

शल्य एकच. बायकोचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिने नवऱ्याचा प्रोग्राम एकदाही उघडून बघितला नव्हता. “माझा हात दुसऱ्यावर बसलाय,” ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

गेली तीन वर्षं बोका एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागला होता. ती गोष्ट म्हणजे घडी. जुने फोटो लोक घड्या घालून ठेवतात, मग घडीवरचा रंग उडतो आणि चेहऱ्यावरून पांढरी रेघ जाते. ही रेघ आपोआप ओळखून पुसून टाकणारं हत्यार त्याला प्रोग्राममध्ये घालायचं होतं. ते जवळजवळ झालं होतं, पण तीन वर्षं ते ‘जवळजवळ’च होतं.

आत काय घ्यायचं आणि काय नाही, हे मास्तरीण ठरवायची. ती दूरच्या शहरात राहायची. लोकांच्या कामावर तिच्या लाल शेऱ्यांचा पाऊस पडायचा, म्हणून हे नाव. तिचा एक नियम होता. नवं हत्यार कधीच न पाहिलेल्या माणसाला कॉम्प्युटरपुढे बसवायचं. ज्याने ते बनवलं त्याने शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि दोन्ही हात मांडीखाली घालायचे. बोट जरी दाखवलं तरी चाचणी बाद.

“या आवृत्तीत आलं तर आलं,” मास्तरिणीने फोनवर बजावलं, “नाहीतर मी ते कायमचं काढून टाकणार. सोळा बटणं आहेत त्याला! लोकांना काय विमान चालवायचंय?”

बोक्याच्या तीन वर्षांच्या संध्याकाळी होत्या त्या.

नेमका त्याच आठवड्यात बायकोचा कॉम्प्युटर बंद पडला आणि एका गिऱ्हाइकाचं काम अडलं. निवृत्त पोस्टमन होते ते, सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या फोटोत एका बाकावर दोन मुलं बसलेली होती. लहानगे काका, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून बसलेली ताई. फोटोला तीन घड्या. बोक्याने संधी साधली.

“आजच्या दिवस माझ्या कॉम्प्युटरवर कर ना,” तो म्हणाला.

“आणि तू शेजारी बसून माझं डोकं खाशील.”

“एक शब्द बोलणार नाही, बोट दाखवलं तरी बाद. नियमच आहे तसा.”

रविवारी सकाळी ती बसली. फोन स्पीकरवर ठेवून मास्तरीण पलीकडून ऐकत होती. बायकोने सगळे कप्पे उघडून पाहिले. बोक्याच्या हत्याराचं नाव होतं ‘दिशानुसारी विसरण पुनर्रचना’. त्यावरून ती गेली, परत आली, पुन्हा गेली.

“हे काय, रोगाचं नाव आहे का?” तिने विचारलं. बोका गप्प. ती चौथ्यांदा त्यावरून पुढे गेली तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. उजवा हात मांडीखालून सुटला आणि बोट थेट पडद्यावर टेकलं.

“बाद,” बायकोने न विचारता सांगितलं.

“बाद?” पलीकडून मास्तरिणीने विचारलं आणि लगेच शिक्काही मारला, “बाद.”

आता चाचणी गेलीच होती, तेव्हा बायकोने ते बटण दाबलं. तिन्ही घड्या गायब झाल्या. बोक्याची छाती फुगली, पण क्षणभरच.

“अरे, हिचा भांग गेला!” बायको ओरडली.

खरंच गेला होता. केसांमधली पांढरी सरळ रेघही यंत्राने घडीच समजून पुसली होती, आणि ताईच्या डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखं दिसत होतं. बोका घाईघाईने सोळा बटणं फिरवू लागला. भांग परत आला तेव्हा घडीही परत आली.

“थांब रे जरा,” बायको म्हणाली. तिने पडद्यावरच्या घडीवरून नख फिरवलं. “घडी कुठली आणि भांग कुठला, हे मला दिसतंय. मग ते तुझ्या यंत्राने कशाला ओळखायचं? मला विचार की.”

बोका फुरंगटून स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याने भांडी घासली. राग आला की तो भांडी घासायचा, आणि बायकोची त्याला कधी हरकत नसायची. शेवटचा तवा विसळताना त्याचा हात थांबला. तीन वर्षं तो यंत्राला माणसाचे डोळे बसवत होता, आणि माणूस डोळ्यांसकट समोरच बसलेला होता. त्याला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग हसू आलं.

ओल्या हातांनीच त्याने मास्तरिणीकडून आणखी एक संधी मागून घेतली. सोळाच्या सोळा बटणं त्याने उडवली. उरला फक्त एक ब्रश. घडीवरून फिरवायचा, तेवढीच पुसली जाणार. नाव ‘घडी’, आणि चित्र दुमडलेल्या कागदाचं.

बायकोचा कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला होता. दुसरी चाचणी स्टुडिओतच करायची ठरली, आणि चाचणीपुरता प्रोग्राम तिथे टाकायला तिने परवानगी दिली. फोटो न्यायला आलेल्या काकांनाच तिने खुर्चीत बसवलं. नातीचे फोटो बघण्यापुरता माऊस त्यांनी हाताळलेला होता.

“काका, तुमचा फोटो आहे, तुम्हीच करा. घड्या काढायच्यात.”

बोक्याने हात मांडीखाली घातले आणि ओठ मिटले.

काकांनी चष्मा सावरला. पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. बाण दुमडलेल्या कागदाशी थबकला, टिचकी वाजली. आडव्या घडीवरून ब्रश फिरला आणि रेघ गेली.

“अरेच्चा!” काका म्हणाले. मग उभी घडी. तीही गेली. ताईचा भांग होता तसाच राहिला.

तिसरी घडी कोपऱ्यात होती, ताईच्या खांद्यावरून गेलेली. बाण तिथवर गेला आणि थांबला. तिथेच राहिला. बोक्याने मांडीखालचे हात आणखी दाबून धरले.

“काका, अडलं का कुठे?” फोनवरून मास्तरिणीने विचारलं.

“छे छे, अडलं नाही. सोपं आहे हो.” काकांनी माऊस सोडला. “त्या दोन घड्या घर बदलताना कुणीतरी घातल्या. ही माझी आहे. ताई दवाखान्यात होती, तिला दाखवायला नेला होता फोटो. खिशात मावेना, म्हणून दुमडला. खूप हसली ती तेव्हा. ही राहू दे.”

बोक्याला गहिवरून आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

“घ्या आत,” अखेर मास्तरीण म्हणाली. “एकही लाल शेरा नाही.”

प्रिंट घेऊन काका गेले. बोक्याने हात बाहेर काढले, तर दोन्हींना मुंग्या आलेल्या. ते झाडत झाडत तो बायकोच्या कॉम्प्युटरशी गेला.

“चाचणी झाली. काढून टाकू का हा इथून?”

बायको पडद्यावरच्या काकांच्या फोटोकडे बघत होती.

“राहू दे,” ती म्हणाली.