सात फूट रेक्झिन

ताईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. झिजलेले, फाटलेले सोफे यायचे आणि तिच्या हाताखालून नवे होऊन जायचे. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. बारक्या म्हणायची त्याला. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच तो मालकांच्या टोळीत शिरला. ताईने आकांडतांडव केलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मालकांचं खरं नाव शहरात कुणी घेत नसे. त्यांनी मान हलवली की माणूस नाहीसा व्हायचा, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी बारक्या एक पाहुणा घेऊन आला. मालकांचे जुने ड्रायव्हर. "काकांच्या मागे पोलीस आहेत. थोडे दिवस राहू दे, ताई."

काका लाघवी निघाले. गळका नळ त्यांनी आपणहून दुरुस्त केला. जेवले की स्वतःचं ताट घासायचे. "माझा पायगुण बघा, गिऱ्हाइकं वाढली तुमची," म्हणायचे. असा एखादा वडीलधारा घरात असता तर बारक्या हाताबाहेर गेला नसता, असं ताईला वाटून गेलं.

बारक्या मात्र ताटात नुसती बोटं फिरवायचा. एका सकाळी काका आंघोळीला गेलेले बघून तो ताईजवळ आला.

"ताई, जाड रेक्झिन देशील? पाणी झिरपणार नाही असलं."

"कशाला?"

"गाडीच्या सीटला."

"माप सांग."

"सात फूट. रुंदी... गुंडाळता आलं पाहिजे."

ताईची कात्री जागीच थांबली. सीटचं कापड ताणून बसवतात, त्यात काही गुंडाळत नाहीत. तिने भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"कधी हवंय?"

"आजच. जेवण झालं की काकांना घेऊन खाणीकडे जायचंय. मालकांची माणसं भेटणार आहेत."

आत्ता तोंड उघडलं तर हा काकांना ओल्या अंगाने बाहेर काढेल, हे तिला कळत होतं. तिने मुकाट्याने तुकडा कापला.

तिघं जेवायला बसली. बारक्याच्या शर्टाखाली, कमरेपाशी काहीतरी फुगलं होतं. काकांनी पहिला घास उचलला आणि ताई म्हणाली, "काका, याने माझ्याकडून रेक्झिन घेतलंय. तुमच्या मापाचं."

बारक्या ताडकन उठला. पाण्याचा तांब्या कलंडला. "गप्प बस, ताई!" त्याचा हात कमरेशी गेला.

काकांनी घास परत ताटात ठेवला. "खाण?" त्यांनी विचारलं. "कितीदा तरी मीच गाडी नेलीय तिथे. मागे कोण बसलंय ते आरशात बघायचं नाही, एवढं शिकलो होतो."

ताईने काकांकडे पाहिलं. रोज ताट घासणारा हा माणूस! क्षणभर वाटलं, उठून चालतं व्हावं, या दोघांचं काय व्हायचं ते होवो.

"माझा नाइलाज आहे, काका," बारक्याचा आवाज चिरकला. "पोलिसांपुढे तुम्ही तोंड उघडाल म्हणून मालकांनी मान हलवलीय. तुम्हाला नेलं नाही तर माझी पाळी."

"आणि नेलंस तर? मागच्या खेपेला ज्याने नेलं, तो पोरगा हल्ली दिसतो तुला?"

बारक्याने दाराकडे पाहिलं. हात मात्र कमरेवरून हलेना. ताई उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"सोड ते," ती म्हणाली. "दुकानाच्या टेम्पोची किल्ली घे. दोघं निघा. इथून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा."

"आणि तू?"

"कुणी बघायला आलं तर दुकान उघडं दिसायला हवं. जा म्हणते ना!"

टेम्पो गल्लीबाहेर पडतो न पडतो तोच मालकांचा एक चष्मेवाला माणूस दारात हजर. ताई ओठांत बारीक खिळे धरून सोफ्याला कापड ठोकत होती.

"निघाले?"

तिने सावकाश खिळे तळहातावर काढले. "मघाशीच."

तो आत आला. त्याची नजर तीन भरल्या ताटांवर थांबली. "जेवले नाहीत?"

"उशीर झाला म्हणून ताटावरून उठवलं मी. मालकांना ताटकळत ठेवायचं का?"

चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "शहाणी आहेस," म्हणत बाहेर पडला आणि खाणीच्या दिशेने गेला. ताईने खिळे तसेच टाकले. नेसत्या कपड्यांनिशी मागच्या दाराने निघून तिने परगावी मावशीचं घर गाठलं.

त्याच संध्याकाळी मालकांच्या माणसांनी दुकान फोडलं. शिलाई मशीनचे तुकडे रस्त्यात पडले होते, असं शेजारणीने फोनवर सांगितलं.

काका दुसऱ्या शहरात पोलिसांपुढे हजर झाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खाण खणली गेली. मालकांना बेड्या पडल्या, त्यांच्याबरोबर काकांना आणि बारक्यालाही.

ताई आता एका कारखान्यात गाद्या शिवते. सुट्टीच्या दिवशी तुरुंगात जाते. सुरुवातीला बारक्या भेटीला यायचाच नाही. तिने आपल्याला आयुष्यातून उठवलं, असं तो म्हणतो, म्हणून शिपायाने सांगितलं होतं. ती तरीही जायची, तासभर बाकावर बसून परतायची.

मग एकदा तो आला. जाळीपलीकडे बसला. वाळून काडी झाला होता.

"मावशी बरी आहे?"

"गुडघे धरलेत तिचे."

त्याने जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाला, "त्या दिवशी मी गोळी झाडली असती, ताई. तू मध्ये होतीस तरी."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली, आणि खुर्ची जाळीच्या आणखी जवळ ओढून बसली.