इग्नायटर आपल्याच हाताने

रॉकेटच्या बुडाशी फट् असा आवाज झाला, जरासा धूर निघाला आणि वाऱ्याने तोही नेला. रॉकेट होतं तिथेच उभं राहिलं.

गहू कापलेल्या शेतात गाड्यांच्या रांगेपुढे खुर्च्या टाकून क्लबची माणसं बसली होती. माइकवरच्या माणसाने नेहमीच्या आवाजात सांगितलं, की इग्नायटर जळलंय, पण मोटर पेटलेली नाही, तेव्हा इतक्यात रॉकेट उभं केलेल्या पॅडकडे कुणी जाऊ नये. मग थोडं थांबून तो म्हणाला, की वारा वाढतोय, मिस अर्लीनना आज अजून एकदाच प्रयत्न करता येईल.

अर्लीन पेनर खुर्चीतून उठली. काय चुकलं ते तिला कळलं होतं. इग्नायटर म्हणजे दोन बारीक तारा आणि त्यांच्या टोकाला काडेपेटीच्या काडीसारखं गुल. मोटरच्या आत इंधनाच्या मधोमध एक पोकळ नळी असते. ते गुल मोटरच्या खालच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, त्या नळीत सरकवत अगदी वरच्या टोकाला टेकवायचं आणि तिथेच राहील असं खाली टोपण बसवायचं. ते घसरलं, की खालच्या खाली जळून जातं. टोपण बसवताना तिची बोटं उशिरा मिटली होती आणि तेवढ्यात तार खाली आली होती.

पार्किन्सनला आता दोन वर्षं होत आली होती. उजवा हात रिकामा असला की थरथरे. कामाला लावला की थरथर कमी होई, पण बोटं सांगितलेलं उशिरा ऐकत. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या. बाकी आशा ठेवण्यासारखं ते काही बोलले नव्हते.

कॅन्ससच्या या कोपऱ्यात अर्लीनला सगळे ओळखत ते शाळेच्या बसमुळे, आणि लग्न झालेलं असलं तरी ‘मिस अर्लीन’ अशीच हाक मारत. आयुष्यभर तिने शेतावरच्या पोरांना शाळेत पोचवलं आणि घरी आणून सोडलं. बर्फात, धुळीच्या वावटळीत, एकदा तर वादळाचा भोंगा वाजत असताना सगळ्यांना नाल्याच्या पुलाखाली पालथं झोपवून. रॉकेटचा नाद तिला लागला तोही बसमुळेच. विज्ञानाच्या वर्गाची सहल घेऊन ती या शेतात आली होती. पोरं तासाभरात कंटाळून बसमध्ये जाऊन बसली. अर्लीन मात्र मान वर करून संध्याकाळपर्यंत उभी होती. पुढच्याच महिन्यात तिने पहिलं रॉकेट चिकटवायला घेतलं. मोठ्या मोटरी उडवायच्या तर क्लबमध्ये तीन पायऱ्यांचा परवाना लागतो. दोन पायऱ्या तिने निवृत्तीच्या आधीच ओलांडल्या होत्या. तिसरी सगळ्यांत अवघड. रॉकेट स्वतः बांधायचं, मोटर स्वतः भरायची, इग्नायटरही आपल्याच हाताने लावायचं, आणि रॉकेट परत आलं पाहिजे ते जसंच्या तसं. हे सगळं तपासायला क्लबचा एक जुना माणूस शेजारी उभा राहतो. आज तो डॅरेल क्लासन होता. चाळिशी उलटलेला, स्वतःचं टायरचं दुकान असलेला डॅरेल लहानपणी अर्लीनच्या बसमध्ये तिच्या मागच्याच सीटवर बसायचा, कारण दुसरीकडे बसवला की तो मारामाऱ्या करायचा.

थांबायची वेळ संपली तशी तिघं पॅडकडे निघाली. पुढे अर्लीन, तिच्या मागे डॅरेल, आणि हत्यारांची पेटी घेऊन अर्लीनचा नवरा व्हर्जिल. व्हर्जिलला रॉकेटमधलं फार कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण दर खेपेला पेटी तोच उचलायचा.

पॅडपाशी पोचल्यावर अर्लीनने आधी रॉकेटमधलं पॅराशूट उघडणारं यंत्र बंद केलं, मग टोपण काढलं आणि जळकी तार ओढून घेतली. अर्ध्याच उंचीवर जळाली होती. तिने ती डॅरेलला दाखवली आणि खिशात टाकली.

व्हर्जिल हळूच म्हणाला, "आण इकडे. मी लावतो. दोन मिनिटांचं तर काम."

"तू लावलंस तर रॉकेट तुझं होईल."

"मला कशाला हवंय? मला गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा हवीय. चार वर्षं झाली, गाडी बाहेर भिजतेय."

अर्लीनला हसू आलं, पण तिने हात पुढे केला नाही. व्हर्जिलने नव्या इग्नायटरचा पुडा तिच्याकडे दिला. त्यात एकच उरलं होतं.

डॅरेलने घसा खाकरला. बटणापासून इग्नायटरपर्यंत वीज आणणारी क्लिपांची वायर मागे कुठेतरी गवतात अडकल्यासारखी वाटतेय, असं काहीसं तो पुटपुटला. "मी जाऊन बघतो, मिस अर्लीन. मला जरा वेळ लागेल. पाठ असेल माझी तिकडे." आणि व्हर्जिलकडे एक नजर टाकून तो खरंच पाठ फिरवून चालायला लागला.

व्हर्जिल खाली वाकला. अर्लीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"डॅरेल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "इकडे ये. समोर बघ."

डॅरेल जागीच थांबला आणि वळला.

"तू बघायला आलायस ना? मग बघ. माझे हात हलतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यात लपवायचं काय?"

"वाईट वाटलं म्हणून केलं," डॅरेल म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी काय कमी केलंय?"

"मग आता माझ्यासाठी एवढं कर. डोळे उघडे ठेव."

तिने यंत्र पुन्हा चालू केलं. त्याची पिक-पिक नीट ऐकून घेतली. क्लिपा एकमेकींना टेकवून ठिणगी पडत नाही ना, ते पाहिलं. मग गुडघे टेकले आणि पॅडच्या लोखंडी पायाला कोपर घट्ट दाबून धरलं, म्हणजे हलायचंच झालं तर मनगटापुढचंच हलेल. तार बारीक लाकडी काठीला जोडून तिने ती नोझलमधून वर सरकवायला सुरुवात केली. गुल कडेला घासलं तर त्याचा टवका उडतो, म्हणून अगदी मधोमध. काठी थोडी वर जाई, बोटं अडत, ती वाट पाही, बोटं सुटत, मग काठी आणखी थोडी वर जाई. वाऱ्याने तिची टोपी उडाली. व्हर्जिल टोपीमागे गेला नाही. त्याला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती, असं त्याने नंतर सांगितलं.

काठी वर टेकली. आता टोपण. मघाशी चुकलं होतं ते इथेच. या वेळी तिने टोपण बोटांनी धरलंच नाही. तळहातावर ठेवलं आणि तळहात खालून वर दाबला, दुसऱ्या हाताने तार धरून ठेवत. टोपण तिरकं बसलं. काढलं. पुन्हा तिरकं बसलं. गाड्यांच्या रांगेत कुणीतरी रेडिओ बंद केला. तिसऱ्यांदा ते सरळ चढलं आणि टच्च बसलं. तिने तार ओढून पाहिली. तार हलली नाही. क्लिपांना तारा गुंडाळून ती उठली, तेव्हा व्हर्जिलने हात दिला आणि तो तिने घेतला.

गाड्यांच्या रांगेपाशी परतल्यावर बटण तिनेच दाबलं.

या वेळी आवाज छातीत घुसला. रॉकेट पॅडच्या उभ्या रेलवरून सुटलं आणि वाऱ्याकडे किंचित मान झुकवून सरळ चढत गेलं, इतकं उंच, की शेवटी फक्त धुराची रेघ उरली. अर्लीन मान वर करून बघत राहिली. एवढा आवाज, एवढी आग, आणि ती पेटवली होती तिच्या या दोन हातांनी. वर कुठेतरी छोटं पॅराशूट उघडलं, मग खाली येताना मोठं, केशरी. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली होती. व्हर्जिल डोळ्यांवर हात धरून मोठ्याने म्हणाला, "राहू दे गाडी बाहेर."

रॉकेट दोन शेतांपलीकडे खडीच्या रस्त्यावर पडलं. तिघं पिकअपमधून तिथे पोचली. डॅरेलने ते चहूबाजूंनी पाहिलं, पॅराशूटच्या दोऱ्या पाहिल्या, मोटर पाहिली, आणि हसत हात पुढे केला. "अभिनंदन, मिस अर्लीन."

अर्लीन मात्र रॉकेटच्या बुडाशी पंखासारख्या बसवलेल्या एका पात्याकडे बघत होती. तिने डॅरेलचा हात धरला, पण हलवला नाही. त्याचा अंगठा तिने पात्याच्या मुळाशी नेला.

"इथे नख घाल."

"रंग उडालाय नुसता."

"नख घाल म्हणते ना."

त्याने घातलं. नख आत गेलं.

डॅरेलने पुन्हा एकदा नख फिरवून पाहिलं. दुरुस्ती केल्याशिवाय हे रॉकेट पुन्हा उडणार नव्हतं, आणि नियमाने ते दुरुस्तीशिवाय उडण्याजोगं परत यायला हवं होतं. मैदानातून कुणाला हे दिसणार नाही, असं तो म्हणाला. मला दिसतंय, असं अर्लीन म्हणाली. यापुढे वाद झाला नाही. व्हर्जिलने पॅराशूट गोळा केलं आणि तिघांनी मिळून रॉकेट गाडीत ठेवलं.

परत आल्यावर माइकवरच्या माणसाने डॅरेलला विचारलं, की काय जाहीर करू. सगळे वाट बघत होते. डॅरेलने अर्लीनकडे पाहिलं. पुढचं उड्डाण हिवाळ्याच्या तोंडाशी, मक्याची कापणी झाल्यावर. तोवर हात कसा असेल, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

अर्लीनने माइक मागून घेतला.

"अर्लीन पेनर," ती म्हणाली. "उड्डाण चांगलं झालं. पातं तडकलंय, म्हणून परवाना नाही. इग्नायटर मी लावलं."

तिच्या हातात माइक थरथरत होता. त्याची खरखर कर्ण्यातून सगळ्या शेतावर पसरत होती, पार रस्त्यापर्यंत. तिने तो दुसऱ्या हातात घेतला नाही. कापणी झाल्यावर ती पुन्हा येणार आहे हे सांगितलं, शेत वापरू दिल्याबद्दल मालकाचे आभार मानले, आणि सगळं बोलून झाल्यावरच माइक परत दिला.