खुर्चीतल्याचं खरं

सलूनवाल्याच्या धंद्याचा एकच नियम होता: खुर्चीत बसेल त्याचं खरं. ज्याच्या गळ्याशी वस्तरा धरायचा त्याच्याशी वाद घालू नये, हे शहाणपण त्याला बापाकडून मिळालं होतं. त्यामुळे शहरात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय खेळांच्या उद्घाटन सोहळ्यावरून गल्लीत दोन तट पडले, तेव्हा हा गडी दोन्ही तटांत होता. ठेकेदार म्हणाले, "सगळ्या जगाचे डोळे दिपले पाहिजेत!" हा म्हणाला, "दिपलेच पाहिजेत." निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "खेळाडूंना धड बूट नाहीत आणि हे आकाशात रोषणाई करतायत. नुसता देखावा!" हा म्हणाला, "अगदी माझ्या मनातलं बोललात."

नेमकी तेव्हाच लेक दारात उभी होती. सोहळ्यातल्या नाचासाठी तिची निवड झाली होती आणि निळा पोशाख घालून ती बापाला दाखवायला आली होती.

"बाबा, परवा ठेकेदारकाकांना तर उलटंच सांगत होतात. तुमचं स्वतःचं काही मत आहे की नाही?"

त्याने खुर्चीतल्या हेडमास्तरांकडे पाहिलं आणि वस्तरा पुसायला घेतला.

"नसेल तर सोहळा बघूही नका," म्हणत ती तरातरा निघून गेली. त्याला फार लागलं. गिऱ्हाईक राखता राखता पोर दुखावली होती.

सोहळ्याच्या संध्याकाळी दुकानातला टीव्ही चालू होता आणि खुर्चीत पुन्हा हेडमास्तरच, गालभर फेस लावून. मैदानात निळ्या मुली पसरल्या, वाकल्या, उठल्या, आणि बघता बघता मैदानाचा समुद्र झाला. त्यात आपली कोणती, हे ओळखणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. तरी याचा हात थांबला.

"देखावा!" हेडमास्तर म्हणाले.

"नाही, मास्तर."

हेडमास्तर आरशातून बघतच राहिले.

"बुटांचं तुमचं बरोबर आहे, त्यासाठी भांडायलाच हवं. पण एवढ्या पोरी एका तालात उठल्या, त्याला घाम गाळावा लागतो. मला अभिमान वाटतो."

"हे मत तुझं?"

"माझं."

"मग इतकी वर्षं मी कुणाचं ऐकत होतो?"

"तुमचंच."

हेडमास्तर असे काही हसले की त्याला वस्तरा बाजूला ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी लेक हसू दाबत दुकानात आली. "हेडमास्तर रस्त्यात भेटले. त्यांच्याशी वाद घातलात म्हणे? अर्ध्या दाढीत?"

"घातला."

"मग आता मलाही खरं सांगा. कसा झाला सोहळा?"

"तुमचा समुद्र बघून डोळे भरून आले गं," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "शेवटची आतषबाजी मात्र फारच लांबली."

"लांबली? बाबा, तीच तर खरी शान होती!"

"कसली शान? नुसता धूर!"

लेकीने स्टूल पुढे ओढलं आणि पदर खोचल्यासारखी सरसावून बसली. दारात गिऱ्हाईक येऊन ताटकळलं, तरी दोघांपैकी कुणीच माघार घेईना.