नीज आली पुलावर

मित्रांनो, ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या कानामागे अडकवलेले एक लहानसे यंत्र तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. मी त्यातलेच एक, आता पुरते जुने झालेले. अंगकाठी काजूएवढी, रंग कातडीसारखा आणि पोटात बटणाएवढा सेल. सेल आहे तोवर खोलीतले सगळे आवाज गोळा करून मी माझ्या मालकांच्या कानात पोहोचवते. सेलचे दार उघडले की मी ठार बहिरे. हे एवढे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे ऐकून मला खोटे पाडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ खोलीत झाला. डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत आमच्या पोटात केसासारख्या तारा बसवत. तिथून मी कानाच्या डॉक्टरांकडे आले. त्यांनी मालकांच्या कानात मऊ लगदा भरून कानाचा साचा घेतला आणि त्याला माझी नळी जोडली. तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाच्या कानात बसू शकत नाही. एका अर्थी आमचे लग्नच लावून दिले म्हणा ना!

मालकांचा जन्म छापखान्यात गेला होता. त्या धडधडत्या यंत्रांनीच त्यांचे कान खाल्ले. मला आणायला ते तयार नव्हते, लेकीने हट्टाने आणले. मी त्यांच्या कानात पहिला आवाज पोहोचवला तो मालकीणबाईंचा.

"येतंय का ऐकू? की नुसतीच मान डोलावताय?"

"येतंय. एवढं ओरडू नकोस."

"बघा! इतकी वर्षं ओरडून घसा बसला माझा, आणि आता म्हणे ओरडू नकोस!"

ते माझे कौतुकाचे दिवस. मालकांना ठिबकणारा नळ ऐकू आला, वर्तमानपत्राचे पान उलटताना होणारी सळसळ ऐकू आली, खिडकीत बसलेल्या कबुतराची नखेसुद्धा ऐकू आली. आल्यागेल्याला ते मला काढून दाखवत. कधी मी नीट बसले नाही तर शिट्टी वाजवत असे. मग मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "अहो, कानातली किटली उकळली बघा!"

पुढे मालक दुपारच्या वेळी मला कानात ठेवूनच सेलचे दार उघडून ठेवू लागले. मला वाटले, सेल वाचवत असतील. पण कानात बसलेल्याला जबड्याची हालचाल कळते. मालक गुणगुणत होते. हळू, थांबत थांबत, कुणाच्या तरी मागोमाग म्हणावे तसे. मित्रांनो, मी बंद होते. माझ्यातून काहीच जात नव्हते. मग ते कुणाच्या मागोमाग गात होते? माझ्या नळीत गारवा भरला.

एकदा हाका मारून दमलेल्या मालकीणबाईंनी स्वतःच माझे दार लावले. "कुठे असता हो तुम्ही?"

मालक आधी लाजले. मग त्यांनी आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. लहानपणी ते तापाने बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. समोर, गल्लीच्या पलीकडे एक लाँड्री होती. तिथे इस्त्री करणारी बाई दुपारभर गात असे. वाफेमुळे तिचा चेहरा कधी दिसला नाही, दिसे ती फक्त बाही आणि पुढेमागे होणारा हात. पण त्या आवाजावर त्या आजारी मुलाचा जीव जडला. गाणे असे होते:

नीज निघाली नदीपल्याडून,
नीज आली पुलावर,
नीज आली गल्लीच्या तोंडाशी...

"एका दुपारी ती इथेच थांबली," मालक म्हणाले. "ओळ अर्धी टाकून. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. काय झालं, कुणी सांगितलं नाही. आणि आता, यंत्र बंद केलं की ती गाते."

"म्हणजे या वयात तुम्ही कानात बाई घेऊन फिरताय?" मालकीणबाई हसल्या. पण हसू लवकर ओसरले, कारण मालक पुढे म्हणाले, "पूर्वी तिथेच थांबायची. काल पुढची ओळ म्हटली. नीज आली फाटकाशी."

लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावले की कानाला आवाज मिळाले नाहीत तर मन आपल्या जुन्या साठ्यातून गाणी काढते, असे पुष्कळांना होते, घाबरू नका, यंत्र चालू ठेवा. मालकांनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र बायकोला विचारले, "साठ्यातून काढतं हे खरं. पण जे मी कधी ऐकलंच नाही, ते साठ्यात आलं कुठून?"  

थोड्या दिवसांनी नीज जिन्यावर आली. मालकांचे जेवण कमी झाले. दुपारी ते धुतलेला सदरा घालून, पाहुणा यायचा असावा तसे दाराकडे तोंड करून बसत. त्यांना भीती वाटत नव्हती, हेच भयंकर होते. "तिच्या आवाजानं इतकं बरं वाटतं गं," ते म्हणत. "आता दारच उरलंय."

मालकीणबाईंना कळून चुकले की हे गाणे संपले की आपला माणूस जाणार. त्या दिवसापासून त्यांनी घरात आवाजांचा नुसता सपाटा लावला. माझ्यात नवे सेल घातले. भांडी आपटली, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचून दाखवल्या, कारण नसताना भांडणे उकरून काढली. आणि त्यांची पाठ वळताच मालक हळूच माझे दार उघडत. दोघांच्या ओढाताणीत माझ्या दाराची बिजागरी खिळखिळी झाली, पण मला राग आला नाही. मला त्या बाईंची फार दया येत होती.

एका संध्याकाळी मी बंदच होते. मालकांचा जबडा बराच वेळ स्थिर होता. मग तो एकदाच हलला आणि मालक उठले. एक पाऊल, दुसरे पाऊल. हात कडीवर गेला. तेवढ्यात ओल्या बोटांनी माझे दार खटकन लागले. मी कर्कश शिट्टी वाजवत जागे झाले. मालकीणबाई ओट्यावरून तशाच धावत आल्या होत्या.

"उघडू नका!" त्या म्हणाल्या. "कुठवर आलीय?"

"दाराशी."

मालकीणबाई आयुष्यात कधी गायल्या नव्हत्या. त्यांच्या अंगाईने झोपलेली लेक जागी व्हायची, असे त्या स्वतःच सांगत. त्यांनी माझ्या तोंडाशी तोंड आणले आणि त्या गाऊ लागल्या:

नीज आली दाराशी,
नीज म्हणे, चुकलं घर!
फिरली मागे, गेली परत
पूल ओलांडून नदीपार.

सूर जिथे खाली यायला हवा, तिथे त्यांचा वर चढला आणि फाटला. "झालं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "संपलं गाणं. सांगा तिला."

मालक कडीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांचा जबडा थरथरला. मला वाटले रडतात. ते हसत होते.

"अगं, सूर कुठे ठेवलास?"

"तुमच्या त्या बाईकडे. घेऊन जाऊ दे सोबत!"

मित्रांनो, रेडिओवरची किती गाणी माझ्यातून गेली असतील. पण ती खोलीसाठी असत. माझ्या तोंडाशी येऊन, माझ्यातून कुणाला तरी परत बोलवायला कुणी गायले ते त्या दिवशी पहिल्यांदाच. मालकांचे प्रेम त्या इस्त्रीवाल्या बाईवर बसले, माझे या बेसुऱ्या बाईवर. माझी पहिली गायिका तीच.

त्यानंतर तो आवाज आला नाही. मालकीणबाई मधूनच चिडवत, "आल्या का हो तुमच्या बाई?" मालक म्हणत, "नाही. घर चुकलं त्यांचं." दोघे सुखात होते आणि मीही.

मग थंडीतली एक दुपार आली. कपड्यांच्या घड्या करून मालकीणबाई आडव्या झाल्या. "चहाच्या वेळी उठवा," म्हणाल्या. मालक खुर्चीत डुलक्या घेत होते. मी चालू होते. मला फाटकाचा आवाज आला. मग जिन्यावर पावले. वाटले, लेक आली. पावले दाराशी थांबली, पण दार वाजले नाही. खोलीत दोन श्वास चालू होते, थोड्या वेळाने एकच ऐकू येऊ लागला. मी ओरडणार कशाने? लेक आली ती संध्याकाळी.

मालकांनी मला खणात टाकले. आता कुणाचे ऐकायचे होते? माझ्या नळीत धूळ साचली, सेलच्या जागी गंज धरला. असे विसरले जाणे फार वाईट असते.

एके दिवशी मालकांनी खण उघडला, मला सदऱ्याला पुसले आणि सेल न घालताच कानात बसवले. मी बहिरेच होते. पण जबडा हलू लागला, हळू, थांबत थांबत, कुणाच्या तरी मागोमाग. गाणे तेच होते. आणि जिथे सूर खाली यायला हवा, तिथे तो वर चढला आणि फाटला. मी ओळखले. माझ्या आधी मालकांनी ओळखले होते.

संध्याकाळी लेकीने मला साफ करून नवा सेल घातला. वडिलांचा चेहरा बघून ती चरकली.

"बाबा, ती बाई पुन्हा आली का?"

"ती नाही गं. तुझी आई."

 गाणे तिला ठाऊक होते. मोठ्या मुश्किलीने तिने विचारले, "कुठवर आलीय?"

"अजून पुलावरच आहे. गुडघे दुखतात ना तिचे, येईल सावकाश." मालकांनी माझे खिळखिळे दार आपल्याच बोटाने घट्ट दाबून लावले. "तोवर तू बोल. तुझं ऐकायचं राहूनच गेलंय."

आणि ती बोलू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला खणात टाकू नका. पाण्यापासून जपा, त्याचा सेल वेळेवर बदला. आणि घरात कुणी बेसूर गात असेल तर खुशाल हसा, पण त्याला थांबवू नका. पुढे कधी सगळे शांत होईल, तेव्हा कोणता आवाज येईल ते आपल्या हातात नसते.