मुंग्या लागलेले नऊ कप

जेवणाच्या सुट्टीनंतर मी दवाखान्याचं दार उघडलं, तर टेबलावरच्या बावीस कपांपैकी नऊ कपांना मुंग्या लागल्या होत्या. बाकीच्या तेरा कपांकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

कप लघवीचे. आमचा शर्टांचा कारखाना. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अजून कायम न झालेल्या प्रत्येक बाईनं आपला नंबर लिहिलेला प्लॅस्टिकचा कप भरून माझ्याकडे द्यायचा आणि मी त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर बाई कामावर, दोन उमटल्या तर घरी. पोटुशी बाई कारखान्याला परवडत नाही म्हणे. मी इथली नर्स. अकरा वर्षं हेच करतेय. कुणी विचारलं काय काम करता, तर मी सांगते, प्रथमोपचार.

त्या दिवशी सकाळी एकीच्या बोटात सुई आरपार गेली, म्हणून पट्ट्या राहून गेल्या होत्या. मुंग्या बघून मला आधी नुसती किळस आली. फडकं उचललं आणि हात तसाच थांबला. लघवीला मुंग्या लागतात ते साखरेमुळे, हे आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात. पण एकदम नऊ जणींना साखर? त्यातली एकही तिशीच्या पुढची नव्हती. नीट बघितलं, तर नऊही कपांचा रंग एकच, पाण्यासारखा फिकट.

म्हणजे नऊ कपांत एकाच बाईची लघवी होती. आणि ती बाई कोण, हे कळायला मला फार डोकं लढवावं लागलं नाही. मी धागे कापणाऱ्या मावशीला बोलावून घेतलं. मावशी कायम झालेली, साठीला टेकलेली, तिला कप भरावा लागत नाही. गेले सहा महिने ती वाळत चालली होती आणि पाण्याची बाटली हातातून सोडत नव्हती.

"मावशी, हे तुमचं का?"

तिनं कपांकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं. "पोरी मागतात, मी देते. माझं काय जातंय? नाहीतरी टाकायचंच."

"कधीपासून चाललंय?"

"तुम्ही आलात तेव्हापासून."

मला हसू आलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळ्या काही पोटुशा नसतात हो," ती म्हणाली. "कुणाला लाज वाटते. कुणाला नंबराचा कप हातात घेतला की होतच नाही. माणसाचं शरीर आहे, नळ आहे का तो?"

"आता यांत पोटुशी कोण आहे?"

मावशीनं मला निरखून बघितलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवावा असं अकरा वर्षांत मी काय केलं होतं? मग तिचं तिनंच काय ठरवलं कुणास ठाऊक. "काजवाली," ती हळूच म्हणाली. "तिसरा लागलाय. दोन महिन्यांनी कायम होईल पोरगी. तेवढे दोन महिने निघू देत सिस्टर, मग कायद्यानं कुणी हात लावू शकत नाही. तिला मूल हवंय आणि नोकरीही हवीय. दोन्ही मागणं काय पाप आहे?"

काजवाली म्हणजे काज करायच्या मशीनवरची, कामात मान वर न करणारी मुलगी.

"मावशी, तुम्हाला साखर आहे," मी म्हटलं.

"मला? मला कोण सांगणार?"

ते खरं होतं. अकरा वर्षं या बाईची लघवी दर महिन्याला माझ्या हाताखालून जात होती, आणि तिला काय होतंय ते बघावं असं मला एकदाही सुचलं नाही. मला एकच गोष्ट बघायची होती. नर्स म्हणवून घेते मी. मला माझ्या हातांचीच शिसारी आली.

मावशी मागच्या दारानं गेली न गेली तोच पुढच्या दारातून कामगार अधिकारी साहेब आले. साहेब वाईट नाहीत असं सगळे म्हणतात. वाढदिवसाला सगळ्यांना केक देतात. त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी घाईनं फडकं फिरवायला गेले.

"थांबा सिस्टर. पुसू नका." ते खाली वाकले. "आमच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत बाथरूममध्ये अशाच मुंग्या व्हायच्या." त्यांनी बोटानं कप मोजले आणि हसले. "नऊ बहिणी दिसतात एका आईच्या. या नऊ जणींची आजच पुन्हा तपासणी. संडासाची कडी काढून टाका. दार उघडं, तुम्ही समोर. भरताना स्वतः बघायचं."

"साहेब, असं कसं बघायचं?"

"तुम्ही नर्स आहात, तुम्हाला कसली लाज? आणि जी सापडेल तिला गोळ्या द्या तुमच्याकडच्या. शुक्रवारपर्यंत मोकळी झाली तर राहू दे. आपण काही राक्षस नाही."

त्या गोळ्या माझ्या खालच्या खणात आहेत. याआधी दोघींना मी दिल्या. एकीनं माझ्यासमोर गिळली, पाण्याचा ग्लास मीच पुढे केला. तिसऱ्या दिवशी ती पांढऱ्याफटक चेहऱ्यानं मशीनवर येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत कॉलर शिवत राहिली. तिला नको होतं की हवं होतं, हे मी विचारलं नव्हतं. आजही मी समोर आले की ती भिंतीकडे बघते.

मेकॅनिक आला आणि संडासाची कडी काढून खिशात घालून गेला. दारावर स्क्रूची चार भोकं राहिली. मी दवाखान्यामागच्या माझ्या बाथरूममध्ये गेले. मला चौपन्न वर्षं झाली आहेत, पाळी जाऊन तीन. मी झाकणाचा एक नवा कप घेतला, त्यावर काजवालीचा नंबर लिहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः तो भरला. बोटांवर सांडलं. बायकांना दर महिन्याला काय वाटत असेल ते तेव्हा कळलं. वरातीमागून घोडं.

नऊ जणी बोळात रांगेत उभ्या राहिल्या. साहेब बोळाच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. माझ्या जाडीवरून त्यांचा एक नेहमीचा विनोद आहे, की सिस्टर दारात उभ्या राहिल्या की वारासुद्धा आत जात नाही. मी दारात उभी राहिले. दर वेळी बाई आत गेली की मी तिच्याकडे पाठ करायचे आणि साहेबांकडे तोंड.

"सिस्टर, तिकडे बघा, इकडे काय बघताय?" साहेब लांबून म्हणाले.

"मान अवघडलीय साहेब," मी म्हटलं.

आठ जणींची एकच रेघ आली. शेवटी काजवाली आली. तिच्या हातात रिकामा कप होता. ती आत गेली. मी ॲप्रनच्या खिशातून माझा कप काढला आणि हात मागे करून तिच्या हातात दिला.

"हा भरलेला आहे," मी ओठ न हलवता म्हटलं. "नुसती उभी राहा थोडा वेळ. मग हाच घेऊन बाहेर ये."

तिची बोटं कपाभोवती मिटली नाहीत. मला वाटलं, तिला हा सापळा वाटतोय. वाटणारच.

"सिस्टर," ती अगदी हळू म्हणाली, "पुढच्या महिन्यात काय?"

"पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. मी आहे."

तिनं कप घट्ट धरला. मग ती म्हणाली, "सिस्टर, पण मला खरंच लागलीय. या तपासणीपायी कधीपासून रोखून धरलीय. जाऊ का?"

बाई गं, हे सुद्धा मला विचारून?

"जा," मी म्हटलं. "मी बघत नाही."

मी दोन्ही हात चौकटीला लावले. साहेबांनी घड्याळ बघितलं. "किती वेळ लागतो एका कपाला?"

"लागतो वेळ," मी म्हटलं, आणि आतून पाणी टाकल्याचा आवाज येईपर्यंत दारातून हलले नाही.