तेविसावी पेन्सिल

मारिदेल मॅडमनी तेवीस पेन्सिलींना टोक केलं होतं, पण डीनना परीक्षेला बावीसच पोरं हवी होती.

फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या त्या छोट्या कॉलेजाची रीतच तशी. इंजिनियरच्या लायसन्सच्या परीक्षेआधी ती पास झालेल्या शिक्षकाने पोरांच्या पेन्सिलींना टोक करायचं आणि फादरकडून त्यांवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं. अभ्यास झालेला असो वा नसो, पेन्सिल सगळ्यांना हवी.

"गेल्या वर्षी निकाल एकेचाळीस टक्के," डीन म्हणाले होते. "आता पडलो तर कोर्सला टाळं, आणि तुम्ही-मी घरी. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, मॅडम. रोदेलची सही घ्या."

रोदेल पाबालिनास. सराव परीक्षेत अडुसष्ट, हवे होते सत्तर. तो पेन्सिल न्यायला आला, तेव्हा मॅडमनी पेन्सिल दिली आणि कागदही पुढे केला. यंदा बसणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"आईने नव्या इंजिनियरांच्या शपथविधीसाठी हाँगकाँगच्या घरकामातून रजा मागितलीय," तो म्हणाला. "तिच्या मालकिणीलासुद्धा पाठ झालंय, पोरगा नोव्हेंबरात इंजिनियर होणार." तो हसला, पण कागदाला हात लावेना. "मॅडम, माझ्या जागी तुम्ही असतात तर थांबला असतात?"

मॅडमना सराव परीक्षेत बावन्न होते. तरी त्या बसल्या, आपटल्या, आणि पुढच्या खेपेला पास झाल्या. कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून, दुसरं काय?

"थांबले असते," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण शब्द मागे घेतला नाही. रोदेलने सही केली.

बावीसपैकी बावीस पास झाले. फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला, शंभर टक्के, मधोमध मारिदेल मॅडमचा फोटो. आठवड्याभराने रोदेल गरम बिबिंगका, तांदळाचा केक, घेऊन आला.

"अभिनंदन, मॅडम. मी बसलो असतो तर शंभर बुडाले असते."

"एप्रिलच्या परीक्षेचा अर्ज भरलास ना?"

"नाही. आई म्हणाली, मॅडमनाच भरवसा नाही तर जीव कशाला आटवायचा? मामा दुबईला बोलावतोय, एसी बसवायच्या कामाला. व्हिसा आला." त्याने खिशातून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "पुढच्या पोराला होईल."

मॅडमनी पेन्सिल परत त्याच्याकडे सरकवली. "रोदेल, पहिल्यांदा मीसुद्धा नापास झाले होते. सराव परीक्षेत बावन्न होते मला."



"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत, मॅडम?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो येतो म्हणून निघाला, फाटकावरच्या फ्लेक्सखालून वाकून गेला. टेबलावरच्या पेन्सिलीचं टोक त्यांनी केलं होतं तसंच होतं.