तेलाशिवायची अकरा वर्षं

विद्यापीठात त्यांना सगळे 'चरबीवाल्या बाई' म्हणत आणि बाई स्वतः काडीसारख्या! कुणाच्या अंगात चरबी का साचते, त्यात खाण्याचा दोष किती आणि जनुकांचा किती, यातच त्यांची अर्धी हयात गेली. वडील पन्नाशीच्या आत यकृतात चरबी साचून गेले, तेव्हापासूनचा हा ध्यास. वडिलांच्या जनुकांतला दोष धाकट्या भावात उतरला, बाई सुटल्या. नशीब, दुसरं काय!

बाईंनी पथ्य आखलं. तेल बंद, लोणी बंद, तळणाचं तर नावच नको. भाऊ ताईच्या शब्दाबाहेर नव्हता. अकरा वर्षं मुकाट्याने उकडलेलं गिळत राहिला. हाच दोष असलेली आणखी दोनशे माणसं बाईंनी अभ्यासाला घेतली, निम्मी पथ्यावर, निम्मी मनासारखं खाणारी. रक्ताच्या नमुन्यांवर नुसते क्रमांक, कुठला क्रमांक कुणाचा आणि कुठल्या गटातला ते एका बंद यादीत. अभ्यास संपेपर्यंत कुणीही यादी उघडायची नाही, हा नियम बाईंचाच. पाचव्या वर्षी आकडेमोड करणारा सहकारी म्हणालाही होता, एकदा डोकावून तर बघू. बाईंनी त्याला चांगलंच झापलं होतं. शिस्त म्हणजे शिस्त.

आज यादी उघडली. दोन्ही गटांची यकृतं सारखीच बिघडलेली. पथ्याने तसूभर फरक पडला नव्हता. बाईंनी तीनदा आकडे तपासले. चूक कुठेच सापडेना, आणि सापडली असती तर त्यांनी देवाचे पाय धरले असते.

दुपारी त्या भावाकडे गेल्या. तो जेवायला बसला होता, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. आडपडदा न ठेवता बाईंनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे खाल्लं असतं तरी चाललं असतं?" त्याने विचारलं.

"हो रे."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, आता तसंही मला तेलाचा वास सोसत नाही. आणि पुन्हा जेवू लागला. बाईंना वाटलं, याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावजय वाढायला उभी होती. आतल्या खोलीत नऊ वर्षांची लेक अभ्यास करत होती. तिच्यातही तोच दोष निघाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तीही आत्याच्याच पथ्यावर होती.

"ताई," भावजयीने हळूच विचारलं, "मग हिला उद्या डब्यात काय देऊ?"

माणसाने काय खावं, यावर बाई गावोगावी भाषणं द्यायच्या.

"काहीही दे," त्या म्हणाल्या. "काहीही दिलंस तरी तेच होणार आहे."